थोरली, मधली, धाकटी

आमच्या कशेळ्याच्या ऑफिसात तीन पेट्या होत्या आणि त्या तिघींच्या काळजीनं वाळलेले एक काका होते.

काका लोधिवलीचे. खोपोलीकडच्या एका कारखान्यात मापयंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली. निवृत्त झाल्यावर घरी बसून काकूंचं डोकं खाण्यापेक्षा ते आठवड्यातून तीन दिवस आमचं खायला येऊ लागले. चौकला एस.टी., कर्जतला उतरून जीप, आणि साडेदहाच्या ठोक्याला ऑफिसच्या दारात. चपला काढायच्या आधी पहिला प्रश्न ठरलेला.

"लाईट गेली होती का गं?"

"नाही काका."

"रात्री?"

"रात्री मी कडावला माझ्या घरी झोपले होते. मला काय माहीत?"

एवढ्या उत्तरावर त्यांचा अख्खा दिवस खराब व्हायचा.

आमची संस्था छोटी. वाड्यांवरची माणसं पिढ्यान् पिढ्या जी दळी कसत आली, म्हणजे जंगलाच्या हद्दीतला उतारावरचा नाचणी-वरईचा तुकडा, तो त्यांच्या नावावर व्हावा म्हणून दावे तयार करून द्यायचे, हे आमचं काम. दाव्याला पुरावा लागतो आणि कागद बहुतेकांकडे नसतातच. मग वाडीतल्या जाणत्या माणसाला घेऊन जमिनीवर जायचं. त्यानं हद्द चालून दाखवायची, कुठला बांध कुणी घातला ते सांगायचं, आणि आम्ही ते कॅमेऱ्यात घ्यायचं. अशी शंभरएक चित्रीकरणं, नकाशे, अर्ज, सगळं त्या पेट्यांत होतं. पेटी म्हणजे चपलांच्या खोक्याएवढा काळा डबा. आत दोन डिस्क, मागे नेटवर्कची वायर, पुढे तीन-चार मिणमिणते दिवे. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांनी आपापलं सामान तिच्यात नेऊन ठेवायचं.

तिन्ही पेट्या एकाच कंपनीच्या, पण जसजशी देणगी मिळाली तसतशा घेतलेल्या, त्यामुळे मॉडेल तीन. त्यांचे ते अक्षरं-आकड्यांचे लांबलचक नंबर काकांना तोंडपाठ होते, आम्हाला कुणाला येत नव्हते. म्हणून काकांनीच बारसं केलं: थोरली, मधली, धाकटी.

प्रत्येक पेटीला तिची स्वतःची अक्कल असते, तिला फर्मवेअर म्हणतात, असं काकांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. ती अक्कल कंपनी अधूनमधून सुधारते आणि वेबसाइटवर ठेवते. पण सगळ्या मॉडेलांना एकदम नाही. नव्या मॉडेलला लगेच मिळते, मधल्याला मागून, आणि जुन्याच्या नावापुढे एक दिवस करड्या अक्षरांत लिहून येतं की आता याच्यासाठी काही येणार नाही. थोरलीच्या नावापुढे ते आलं त्या दिवशी काका जेवले नाहीत. डबा तसाच घरी नेला आणि काकूंनी फोन करून मला विचारलं, "ऑफिसात कुणी गेलं का?"

सोमवार हा काकांचा वार. चष्मा कपाळावर चढवून, नाक जवळजवळ पडद्याला लावून ते कंपनीच्या पानावरच्या यादीतून बोट फिरवत तिघींची नावं शोधायचे. मग भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहायचे:

थोरली: नाही.
मधली: नाही.
धाकटी: आहे. थांबा.

हे "थांबा" आमच्या मॅडमना फार खुपायचं. संस्था त्यांची, घाई त्यांच्या स्वभावात. "अहो काका, आहे तर घालून टाका ना!" काका मान हलवायचे. "मॅडम, पहिल्या पंगतीला बसायचं नाही. आमटीत मीठ किती पडलंय ते पहिल्या पंगतीला कळतं. आपण दुसऱ्या पंगतीला जेवू." दुसरी पंगत म्हणजे तीन सोमवार. तेवढ्यात जगात कुठे कुणाची पेटी बिघडली का, हे ते इंटरनेटवर शोधत बसायचे आणि कुणाची तरी बिघडलेली त्यांना सापडायचीच.

मधलीचं दुखणं वेगळं होतं. तिचा आणि दुसऱ्या एका मॉडेलचा नंबर एकच, फक्त त्या दुसरीच्या शेवटी एक अक्षर जास्त. त्या अक्षरवालीला अपडेट महिनोन्‌महिने आधी मिळायचं. "घाला की तेच, एका अक्षरानं काय होतंय," असं मी एकदा म्हणाले, तर काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू शेजारच्या बाळाचं औषध आपल्या बाळाला पाजा म्हणाले. "पोरी, आहे म्हणजे आपल्यासाठी आहे असं नाही," ते म्हणाले. हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे, एस.टी.तल्या रिकाम्या सीटबद्दलसुद्धा.

अपडेट घालायचा दिवस म्हणजे ऑफिसात ऑपरेशन. आदल्या दिवशी सब-स्टेशनच्या वायरमनला फोन. "दादा, उद्या अकरा ते बारा लाईन बंद करू नका हां. अर्ध्यात गेली तर पेटीचा दगड होईल." शिवाय पेटीला बॅटरीचा आधार. शिवाय बोअरची मोटर बंद, चहाची इलेक्ट्रिक किटली बंद, आणि कुणी मोबाइल चार्जिंगला लावला की त्याच्याकडे जळजळीत नजर. काका दारात खुर्ची टाकून बसायचे. आत कुणाला सोडायचे नाहीत, स्वतःही जायचे नाहीत. पडद्यावरची रेघ शंभर टक्क्यांना पोचली की मग आत जाऊन ते एक लांब स्क्रू-ड्रायव्हर पेटीला टेकवायचे आणि त्याची मूठ कानाला लावायचे. कारखान्यात बेअरिंग असं ऐकतात म्हणे. डोळे मिटून ऐकायचे, मग हाताची पालथी बाजू पेटीच्या पाठीला लावून ताप बघायचे. "बरी आहे," असं म्हणाले की किटली चालू.

आम्ही हसायचो. मी सगळ्यात जास्त. एकदा ऑफिसला कुलूप लावून आम्ही दोघं एकाच जीपनं निघालो, आणि कडाव आलं तरी त्यांना कुलूप नीट लागल्याची खात्री होईना. मी शपथेवर सांगितलं. तरी उतरले आणि उलट्या दिशेच्या जीपला हात करून परत गेले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "लागलं होतं ना?" तर म्हणाले, "लागलं होतं. पण ते काल कुठे माहीत होतं?"

मग ती बातमी आली. कुठल्या तरी देशात बसून कुणीतरी असल्या जुन्या पेट्यांत इंटरनेटवरून शिरत होतं आणि आतलं सगळं कुलूपबंद करून टाकत होतं. नव्या मॉडेलांना कंपनीनं लगेच बचाव दिला. थोरलीला कोण देणार? काकांनी तिची नेटवर्कची वायरच काढली. त्या दिवसापासून ती कोपऱ्यात एकटी, कुणाशी न बोलता चालत राहिली.

पण जुनी सगळी चित्रीकरणं थोरलीत होती. त्यांची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर होती, ती त्याच पावसाळ्यात ओल लागून बंद पडली. नवी डिस्क घ्यायचा अर्ज मॅडमच्या टेबलावर इतर अर्जांखाली होता. धाकटीत एवढी जागा नव्हती. मधलीत हलवावं तर तिच्या तेव्हाच्या फर्मवेअरला एक खोड होती: मोठी फाइल घेताना कधीकधी शेवटचा तुकडा गाळायची. ही खोड पुढच्या अपडेटात काढलीय असं कंपनीनं लिहिलं होतं आणि ते अपडेट अक्षरवालीला मिळालंही होतं. आमच्या मधलीला नाही. "मधलीचं आलं की सगळं तिच्यात घेऊ," काका म्हणाले. सोमवार येत होते आणि फळ्यावर "मधली: नाही" हेच लिहिलं जात होतं. अर्धं काम काकांच्या थांबण्यानं अडलंय असं मला तेव्हा वाटायचं. खरं सांगायचं तर रागच यायचा.

त्याच दिवसांत काळूराम पत्र घेऊन आला. कशेळ्याच्या वर दोन तास चालत जायचं, तिथल्या वाडीवरचा हा. माझ्यापेक्षा थोडा मोठा, मोजकं बोलणारा. त्याचा दावा पुरावा अपुरा म्हणून खाली नामंजूर झाला होता. त्यानं वर अपील केलं होतं आणि त्याच्या सुनावणीची तारीख आली होती, दसऱ्यानंतर अकरा दिवसांनी, कर्जतला.

"ताई, आयचं ते पिच्चर हाय ना तुमच्याकडं?" त्यानं विचारलं.

होतं. मीच काढलं होतं, सहा वर्षांपूर्वी. त्याची आई काठी टेकत त्या दळीची सगळी हद्द चालली होती आणि मी कॅमेरा घेऊन मागून धापा टाकत गेले होते. नंतरच्या उन्हाळ्यात ती गेली. तिच्या वयाचं आता वाडीत कुणीच नव्हतं. ती जमीन तिच्या सासऱ्यापासून कसली जातेय हे आता जगात फक्त ती सांगू शकत होती, आणि ती थोरलीत होती.

"आहे," मी म्हणाले. "काळजी करू नकोस."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऑफिसात पूजा असते. काका त्या दिवशी रजेवर, सुनेच्या माहेरी काही कार्य होतं. जाताना बजावून गेले होते, "पूजा करा, पण पेट्या चालू ठेवून करा." मी हो म्हणाले. त्यांच्या शंभर सूचनांना म्हणायचे तसंच.

कडावला आमच्या घरी दसऱ्याला विळा, कोयता, नांगर, आताशा ट्रॅक्टरसुद्धा, सगळं धुऊन-पुसून हळदकुंकू लावून ठेवतात आणि त्या दिवशी त्यांना काम सांगत नाहीत. आई विळीसुद्धा घेत नाही, भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवते. वर्षभर राबणाऱ्या अवजाराला एक दिवस विसावा, हे लहानपणापासून बघितलेलं. थोरलीसमोर निरांजन घेऊन उभी राहिले आणि मला ती घरघर ऐकून कसंतरीच वाटलं. सात वर्षं ही बाई एक क्षण थांबलेली नाही. आजच्या दिवशी तरी तिनं का राबावं? मी तिघींना नीट, पद्धतशीर, बटण दाबून बंद केलं. गंध लावलं, फुलं वाहिली, साखर ठेवली. मनापासून नमस्कार केला. दसरा झाल्यावर येऊन चालू केल्या.

धाकटी उठली. मधली उठली. थोरलीचा एक पिवळा दिवा दोनदा लुकलुकला आणि गेला.

मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा. काका साडेदहाला आले, चपला काढायच्या आधीच त्यांना कळलं, कारण ऑफिसात एक आवाज कमी होता.

"बंद केली होतीस?"

मी मान हलवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त खुर्चीवर बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवून थोरलीकडे बघत राहिले. "सतत चालणारं जुनं यंत्र थांबवलं की ते उठेलच असं नसतं गं," ते हळू आवाजात म्हणाले. "कारखान्यात आम्ही जुन्या मोटरी म्हणूनच थांबवत नव्हतो. हे तुला आधी सांगायला हवं होतं मी. नुसतं 'करू नका' म्हणून गेलो."

दुपारी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. काळूराम सुनावणीच्या कागदांवर अंगठा द्यायला आलेला, तोही दारात उभा होता. "कशी बंद पडली?" मॅडमनी विचारलं. माझं तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "पेट्यांची जबाबदारी माझी. चूक माझी."

काळूराम पुढे आला. त्याचा आवाज चढला नव्हता. "माजी आय एकदा मेली व्हती, काका. तुमी तिला परत मारलीत."

काकांनी मान खाली घातली. मी तिथेच उभी होते, दोन हातांवर, आणि गप्प बसले. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

त्यानंतरचे आठ दिवस काका रोज आले. थोरलीची पेटी मेली होती, पण आतल्या डिस्क जिवंत असतील तर दुसऱ्या पेटीत घालून वाचता येतील, असं त्यांचं म्हणणं. कंपनीच्या वेबसाइटवर त्याचा एक तक्ता होता, कुठल्या मॉडेलच्या डिस्क कुठल्या मॉडेलमध्ये आणि कुठल्या फर्मवेअरवर चालतील याचा. काकांनी तो छापून घेतला आणि इतक्यांदा घडी घातली की मधोमध फाटला. थोरलीच्या डिस्क धाकटीत चालणार नव्हत्या, पिढी फार लांबची. मधलीत चालणार होत्या, पण मधलीवर ते नवं अपडेट असेल तरच. नसेल तर मधली त्या डिस्क कोऱ्या समजेल आणि पुसून टाकू का असं विचारेल. कदाचित विचारणारही नाही.

आणि मधली: नाही.

आता सोमवारची वाट बघण्यात अर्थ नव्हता. काका दर तासाला पान उघडायचे. कंपनीला फोन लावला की पलीकडचा मुलगा हिंदीत गोड आवाजात सांगायचा, जल्दी ही आएगा सर. "जल्दी म्हणजे कधी?" काका मराठीत विचारायचे. त्यांची दाढी वाढली. डब्यातली भाजी वास यायला लागेपर्यंत तशीच राहायची. एकदा तर ते थोरलीतून काढलेल्या दोन्ही डिस्क टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन बसलेले मला दिसले. मला हसू आलं नाही.

सहाव्या दिवशी माझा धीर सुटला. "काका, अक्षरवालीचं घाला. एकाच अक्षराचा फरक आहे. चार दिवस राहिलेत."

"आहे म्हणजे..." त्यांनी सुरुवात केली आणि मधेच थांबले. मग त्यांनी खरंच ती फाइल उतरवून घेतली. पडद्यावर बाण त्या बटणावर नेला. आणि हात मागे घेतला. "नाही. चुकलं तर मधलीपण जाईल, आणि मग त्या म्हातारीला ठेवायला घरच राहणार नाही." ते उठून मोरीवर गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी पावणेअकराला काकांनी मला हाक मारली. आवाज असा की मी पळतच गेले. यादीत मधलीचं नाव, अक्षराशिवाय, आणि पुढे त्याच दिवसाची तारीख.

"आहे," काका म्हणाले. "आपल्यासाठी आहे."

तीन सोमवार थांबायचा नेम करणाऱ्या त्या माणसानं तीन मिनिटंही घेतली नाहीत. पहिल्या पंगतीत, सगळ्या जगाच्या आधी, मीठ-बीठ न बघता ते बसायला निघाले होते. मी वायरमनला फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून उत्तर आलं, "काका, आज अकराला लाईन बंद हाय. फांद्या तोडायच्यात. माणूस झाडावर चढलाय."

"त्याला उतरव."

"आं?"

"चहा पाज त्याला माझ्याकडून. नाश्ता घाल. तासभर उतरव रे बाबा, हात जोडतो तुला."

वायरमन काय समजला कोण जाणे, पण लाईन गेली नाही. काका दारात बसले नाहीत. मधलीसमोर उभे राहिले, रेघ शंभरला पोचेपर्यंत. मग मधलीच्या स्वतःच्या डिस्क काढून त्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि थोरलीच्या डिस्क मधलीत सरकवल्या. एक काहीच बोलली नाही; दोन्हींत सामान तेच, म्हणून एक चालली तरी पुरे होतं. दुसरीला काकांनी स्क्रू-ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. "फिरतेय," ते म्हणाले. "पण खोकतेय. फार वेळ नाही."

पडद्यावर प्रश्न आला. दोन पर्याय होते: आहे ते ठेवून पुढे जा, किंवा पुसून नव्यानं सुरू करा. काकांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. तीनदा. मग माझं बोट धरून पहिल्या पर्यायावर ठेवलं, कारण त्यांचं स्वतःचं कापत होतं.

सगळ्या फाइलींची नावं ओळीनं खाली उतरली. काळूराम तेवढ्यात येऊन आमच्या पाठीशी उभा राहिला होता. पहिली फाइल त्याच्या आईची काढली, तीन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर. मग उरलेल्या. संध्याकाळी चारपर्यंत एकूणएक चित्रीकरण बाहेर आलं आणि साडेचारला डिस्क थांबली.

काळूराम काकांच्या पायांशी वाकला. काका दचकून मागे सरले. "अरे, पाया कसला पडतोस, अजून कॉपी उघडून बघितलेली नाही!"

मला ते सहन झालं नाही. "काळूराम," मी म्हणाले, "पेटी काकांनी नाही, मी बंद केली होती. दसऱ्याच्या पूजेला. त्या दिवशी गप्प बसले मी."

काळूराम उठून उभा राहिला. "म्हाईत हाय ताई. काका दसऱ्याला नव्हते, ह्ये काय मला ठावं नाय?"

"मग त्यांना का बोललास?"

"कुनाला तरी बोलनं भागच व्हतं, लई लागलं व्हतं मला. तुमाला बोललो असतो तर तुमी रडत बसला असता. मंग अपिलाचं कागद कोनी लिवलं असतं?" तो काकांकडे वळला. "काका, चुकलो. तुमी आयकून घ्याल असं वाटलं."

"घेतलं की," काका म्हणाले आणि कॉपी उघडायला बसले. शेवटपर्यंत बघावी म्हणून मी आग्रह धरला, पण तेवढ्यात लाईट गेली, आणि लॅपटॉपच्या बॅटरीत जीव नव्हताच. फांद्या तोडायला माणूस पुन्हा झाडावर चढला होता. म्हणून काकांना ती रात्र शेवट न बघताच काढावी लागली, आणि ती त्यांनी कशी काढली ते काकूंनाच माहीत.

सकाळी कर्जतच्या कचेरीत काका आमच्या आधी हजर. खिशात एक पेन ड्राइव्ह, पिशवीत दुसरा, तिसरा काकूंकडे घरी ठेवलेला. आत अर्जदार आणि सोबत एकच माणूस, असं शिपायानं सांगितलं. काका व्हरांड्यात थांबले. दार लागताना ते शिपायाला विचारत होते, "इथे लाईट किती वाजता जाते हो?"

साहेबांच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडला. काठी टेकत म्हातारी चालू लागली. हा बांध माज्या सासऱ्यानं घातला. हितं खळं व्हतं. हितं पयल्या साली नाचणी लावली, डुकरानं खाल्ली. ती चालते फार हळू, मधे मधे थांबते, खोकते, मला "पोरी, पाय जपून टाक" असं म्हणते. साहेबांनी दहा-बारा मिनिटं पाहिलं. बाहेर अजून खूप माणसं होती. "ठीक आहे," ते म्हणाले, "कळलं. पुरे आता."

काळूराम आल्यापासून हात जोडून उभा होता, एक शब्द बोलला नव्हता.

"साहेब, जरा थांबा," तो म्हणाला. "ती अजून हद्दीला पोचली नाय."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. आम्ही सगळे बघत राहिलो. पुढे फाइल आहे की नाही हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. म्हातारी उतार उतरली, एक चर ओलांडला, दोनदा बसली, दोनदा उठली. शेवटी ओहोळाकाठच्या ऐनाच्या झाडाशी पोचली आणि त्याच्या खोडाला हात लावला. "हितपरेंत," ती म्हणाली. "हितपरेंत आमचं." मग कॅमेऱ्याकडे वळून, "झालं का गं तुजं? पानी दे आता." तिथे चित्र संपलं.

साहेबांनी जागेवर येऊन पुन्हा मोजणी करायचा हुकूम लिहायला घेतला. आम्ही बाहेर आलो. काका व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभे होते. काय झालं, हुकूम काय, त्यांनी काही विचारलं नाही.

"मधे थांबली नाही ना?"

"नाय काका," काळूराम म्हणाला. "पार हद्दीपरेंत गेली. पानी मागितलं, मंग थांबली."

काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते पायरीवर खाली बसले, पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढली आणि काळूरामच्या हातात दिली. काळूरामनं ती दोन्ही हातांनी धरली. प्यायला मात्र त्याला बराच वेळ लागला, कारण तोही रडत होता.